नैराश्य, मुलांमधील व किशोरवयीन : ओळख

किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकणारी उदासी किंवा चिडचिड, आवडत्या गोष्टींतले मन उडणे आणि सोबत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांत पडलेला फरक हे या विकाराचे स्वरूप होय. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून चार दिवस तोंड पाडून बसणे म्हणजे नैराश्य नव्हे.

मुलांमध्ये पराहम् (मनातला बरेवाईट ठरवणारा, स्वतःला दोष देणारा भाग) पुरता घडलेला नसतो, त्यामुळे त्यांना नैराश्य येऊच शकत नाही, असे अनेक मनोविश्लेषक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानत. रेने स्पिट्झ यांनी १९४६ मध्ये आईपासून दुरावलेल्या तान्ह्या मुलांमधील उदासीनतेचे वर्णन केले होते. पण अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने मुलांना प्रौढांचे निकष लावले ते १९८० मध्ये. पुढे त्यांत एक दुरुस्ती झाली : मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिड असली तरी ती लक्षण धरावी. घरोघरी गल्लत होते ती नेमकी येथेच. दार आपटणारा, उलट उत्तरे देणारा मुलगा लाडावलेला ठरतो आणि हळूहळू अबोल होत गेलेल्या मुलीला तर ‘गुणी’ म्हणून शाबासकी मिळते. वयात येईपर्यंत या विकाराचे प्रमाण मुलगे व मुलींत साधारण सारखे असते. नंतर मुलींत ते सुमारे दुप्पट होते.

लहान मुले ‘मी दुःखी आहे’ असे क्वचितच सांगतात. शाळेच्या वेळी पोट किंवा डोके दुखते, तपासण्यांत काही सापडत नाही, खेळात मन लागत नाही, वयाप्रमाणे वजन वाढत नाही. किशोरवयात मित्र तुटतात, रात्रीची झोप उडते किंवा दिवसभर झोप येते, ‘माझा कुणाला उपयोग नाही’ अशी भाषा येते.

पालकांना बाहेरचे वागणे दिसते. आतली हताशा मूलच सांगू शकते. म्हणून डॉक्टर त्याच्याशी एकट्यानेही बोलतात. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. सरळ, शांतपणे विचारावे. मारिया कोव्हाक्स यांच्या बाल-नैराश्य सूचीसारख्या प्रश्नावल्या केवळ चाळणीचे काम करतात. निदान मुलाखतीतूनच होते आणि त्याआधी थायरॉइडचे विकार, रक्तक्षय यांसारखी शारीरिक कारणे तपासावी लागतात.

मरणाची भाषा, स्वतःला इजा करणे किंवा जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे दिसल्यास दोन आठवडे थांबू नये. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून चोवीस तास चालू असतो. त्यावर मराठीतूनही बोलता येते.