शरीरबाह्य फलन : मुंबईतील संशोधन

स्त्रीच्या अंडकोशातून काढलेल्या अंडाणूचे शुक्राणूकडून प्रयोगशाळेत फलन घडवून आणून तयार झालेला भ्रूण तिच्या गर्भाशयात ठेवण्याच्या पद्धतीस शरीरबाह्य फलन म्हणतात. या पद्धतीने जन्मलेल्या अपत्यास ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे नाव रूढ झाले असले, तरी ते यथार्थ नाही. फलन उथळ बशीत होते, भ्रूण तेथे फार तर पाच-सहा दिवस राहतो आणि त्याची पुढील सर्व वाढ मातेच्या उदरातच होते. अंडवाहिन्या बंद असल्यामुळे आलेल्या वंध्यत्वावर हा उपाय प्रथम योजण्यात आला. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे अंडवाहिन्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

या पद्धतीचे जगातील पहिले अपत्य २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डम येथे जन्मले. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो व जीन पर्डी यांच्या प्रयत्नांचे ते फळ होते. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून एक मुलगी जन्मली. त्यांनी भ्रूण गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडला होता. परंतु पश्चिम बंगाल शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. १९८१ मध्ये मुखर्जी यांनी आत्महत्या केली.

मुंबईतील कार्य परळ येथे झाले. संततिनियमनाच्या साधनांची चाचणी घेण्यासाठी १९५४ मध्ये सुरू झालेल्या विभागातून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था १९७० मध्ये उभी राहिली. अशा संस्थेने वंध्यत्वाचा प्रश्न हाती घेणे वरवर विसंगत वाटते. तथापि प्रजननाची क्रिया समजल्याखेरीज ती रोखताही येत नाही आणि घडवूनही आणता येत नाही. संस्थेचे तत्कालीन संचालक टी. सी. आनंदकुमार आणि महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ इंदिरा हिंदुजा यांनी हे कार्य संयुक्तपणे केले. रुग्णांची चिकित्सा रुग्णालयाकडे व प्रजननशास्त्रीय संशोधन संस्थेकडे, अशी ही सांगड होती.

या पद्धतीत प्रथम हॉर्मोने देऊन एकाच ऋतुचक्रात अनेक अंडाणू पक्व केले जातात. त्यांची वाढ श्राव्यातीत ध्वनींच्या साहाय्याने व रक्तातील हॉर्मोनांच्या मापनाने पाहतात. योग्य वेळी अंडाणू काढून संवर्धक द्रवात शुक्राणूंसह ठेवतात आणि विभाजन सुरू झालेला भ्रूण बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. यांतील एकही टप्पा चुकल्यास सर्व प्रयत्न वाया जातो.

के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी या पद्धतीने एक मुलगी जन्मली. शास्त्रीय पुराव्यानिशी नोंदलेले भारतातील हे पहिले अपत्य होय. १९८८ च्या आरंभी हिंदुजा यांनी अंडाणू व शुक्राणू थेट अंडवाहिनीत सोडण्याची पद्धतही यशस्वी करून दाखविली. पुढे आनंदकुमार यांनी मुखर्जी यांची हस्तलिखित टिपणे तपासली आणि भारतातील पहिल्या यशाचा मान मुखर्जी यांचाच असल्याचे १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रतिपादन केले. ज्या अग्रमानात स्वतःचा वाटा होता, तो त्यांनी पुराव्याच्या आधारे दुसऱ्यास दिला.

गर्भधारणा झाली म्हणजे यश पूर्ण झाले, असे मात्र नाही. एकाहून अधिक भ्रूण सोडल्यास जुळी वा तिळी होण्याचा संभव वाढतो. त्यातून अकाली प्रसूती, अर्भकाचे कमी वजन व मातेचा वाढलेला रक्तदाब हे धोके उद्‌भवतात. एकच गर्भ असतानाही अकाली प्रसूतीचे प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेपेक्षा काहीसे अधिक आढळते. त्याला मूळचे वंध्यत्वही अंशतः कारणीभूत असते. हॉर्मोनांमुळे अंडकोश अतिउद्दीपित होऊ शकतात. मातेच्या वाढत्या वयाबरोबर, विशेषतः पस्तिशीनंतर, स्वतःच्या अंडाणूंपासून यश मिळण्याचे प्रमाण घटते. म्हणून एका वेळी एकच भ्रूण सोडण्याकडे कल वाढला आहे.

परळ येथे जन्मलेली मुलगी २०१६ मध्ये स्वतः माता झाली. एका उदाहरणावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी मोठ्या संख्येने माता व अपत्ये यांच्या दीर्घकालीन नोंदी लागतात. भारतात या उपचारांचा प्रसार प्रामुख्याने खाजगी केंद्रांतून झाला. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ अन्वये अशा केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली व राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद करण्यात आली. नोंदींअभावी अमान्य ठरलेला कलकत्त्यातील दावा आणि नोंदींमुळे मान्य झालेला मुंबईतील जन्म यांवरून या तरतुदीचे महत्त्व स्पष्ट होते.