पंचहौदचा चहा आणि पंचहौदचा उपवास

ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनमध्ये एक सभा भरली. व्याख्यान झाले आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी ती नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली आणि प्रायश्चित्ताची मागणी झाली. इतिहासाच्या वाचकाला ही कथा ठाऊक असते. मात्र तो चहा ज्यांच्या अंगणात ओतला गेला त्या मंडळीचे काय? तिचेही एक प्रायश्चित्त होते, दरवर्षीचे, चाळीस दिवसांचे. आजचा धागा त्याविषयी.

ही मंडळी अँग्लिकन, म्हणजे बिशपांच्या अधिकाराखाली चालणाऱ्या चर्चची. याच परंपरेला अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये एपिस्कोपल म्हणतात. पंचहौदचे काम ‘काउली फादर्स’ या साधुसंघाकडे होते. रिचर्ड मो बेन्सन यांनी हा संघ १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली गावी स्थापला, आणि १८७४ मध्ये त्याचे पहिले सदस्य भारतात आले. योगायोग पाहा, त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने उपासनेतील ‘रोमन’ वळणाच्या विधींना आवर घालणारा कायदा केला. त्यापायी आर्थर टूथ नावाच्या एका धर्मगुरूला १८७७ मध्ये तुरुंगात जावे लागले. पापनिवेदन, धूप, उपवासाची शिस्त हे सारे तिकडे वादग्रस्त असताना काउलीच्या साधूंनी ते पुण्यात आणले. पुणेकरांना मात्र साधू, व्रत आणि उपवास यांत नवल वाटण्याजोगे काही नव्हते. १८८५ मध्ये येथे ‘पवित्र नाम देवालय’ उभे राहिले. त्याच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत.

लेंटला मराठी ख्रिस्ती बोलीत उपवासकाळ म्हणतात. प्रायश्चित्तकाळ हाही शब्द रूढ आहे. भस्म-बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. मोजून पाहिले तर दिवस भरतात शेहेचाळीस. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे स्मरण म्हणून उपवासातून वगळले जातात, तेव्हा चाळीस उरतात.

आता पंचांग काढा. ईस्टर ठरतो तो वसंतसंपाताच्या सुमाराची पौर्णिमा धरून, तिच्यानंतरच्या रविवारी. तेथून शेहेचाळीस दिवस मागे गेले की आपण अमावास्येच्या किंवा शुद्ध पक्षाच्या पहिल्या काही तिथींच्या आसपास पोचतो. म्हणूनच महाशिवरात्र आणि भस्म-बुधवार पुष्कळ वर्षी शेजारी येतात. २०२३ मध्ये महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला होती आणि भस्म-बुधवार २२ ला. २०२६ मध्ये त्याच तारखा १५ आणि १८ फेब्रुवारी. अशा वर्षी होळी, गुढीपाडवा आणि रामनवमी उपवासकाळाच्या पोटात येतात, आणि हनुमान जयंतीनंतर ईस्टर येतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांनी एवढेच लक्षात ठेवावे की सैलानीची होळीची यात्रा बहुधा लेंटमध्येच भरते. (अधिक मासाच्या फरकाने एखादे वर्ष महिनाभर सरकते, २०२४ तसे होते.) इंग्रजीतला ‘लेंट’ हा शब्द वसंतात दिवस लांबण्यावरून आला. आपल्याकडे तो गहू-हरभऱ्याच्या सुगीचा आणि चढत्या उन्हाचा काळ.

भस्म-बुधवारी या चर्चमध्ये काय वाचले जाई, हे पाहण्यासारखे आहे. अँग्लिकन उपासनेचा आधार म्हणजे १६६२ चे प्रार्थनापुस्तक. त्यात कपाळावर राख लावण्याचा विधी नाही. तो इंग्लंडमध्ये १५४८ मध्येच बंद झाला होता. त्याऐवजी एक कठोर पाठ आहे. त्याच्या आरंभी धर्मगुरू सांगतो की, प्राचीन चर्चमध्ये लेंटच्या सुरुवातीला उघड पाप्यांना सर्वांसमक्ष प्रायश्चित्त करावे लागे. ती शिस्त आता उरली नाही. मग तो एकेक शाप वाचतो. शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणारा शापित, आंधळ्याची वाट चुकविणारा शापित, परक्याचा, पोरक्याचा आणि विधवेचा न्याय बिघडविणारा शापित. प्रत्येक वाक्याला सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणते. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या मुलखात याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

पंचहौदच्या दोन प्रायश्चित्तांतला भेद मला येथे दिसतो. १८९० च्या प्रकरणात नावांची यादी छापली गेली आणि त्या यादीतल्यांनी शुद्ध होऊन जातीत परत यावे, अशी अपेक्षा होती. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले आणि सुधारकांचे बोल सोसले. चर्चनेही एकेकाळी अशीच नावानिशी शिक्षा दिली होती. पण १६६२ च्या पुस्तकात यादी उरली नाही. धर्मगुरूसकट सगळेच गुडघ्यांवर येतात. त्या दिवसाचे शुभवर्तमानाचे वाचन तर उपवास लोकांना दिसू देऊ नका, तोंड धुऊन बाहेर पडा, असे सांगणारे आहे.

या प्रायश्चित्ताने जुन्या जातीत परतण्याची वाट मात्र नव्हती. बाप्तिस्मा घेणाऱ्याचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने राखला होता, पण घरची पंगत कोणता कायदा परत देणार? उपवासकाळाच्या शेवटी, ईस्टरच्या प्रभुभोजनात, सारी मंडळी एकाच प्याल्याला ओठ लावत असे. ज्या पेठेत मिशनच्या कपातला चहा हे पातक ठरले, तेथे हा सामाईक प्याला भिंतीपलीकडे दर रविवारी फिरत होता. सनातन्यांना धोका नेमका दिसला होता, असेच म्हणावे लागते.

अर्थात अन्नाचा अहंकार एकाच बाजूला नव्हता. पंचहौदला काम करणाऱ्या वाँटेजच्या भगिनींच्या इंग्लंडमधील मठातच पंडिता रमाबाईंचा २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा झाला. त्यांना ख्रिस्ती धर्माकडे वळविण्यात फादर नीळकंठशास्त्री नेहेम्या गोरे यांचा मोठा वाटा होता. हे काशीत शिकलेले चित्पावन पंडित पुढे काउली संघात उमेदवार म्हणून राहिले. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले पदार्थही त्यांनी नाकारले. लेंटमध्ये स्वतः आहाराचे नियम पाळणाऱ्या भगिनींना यात जातीचा गर्व दिसला! क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही रमाबाईंनी विचारले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा हा पत्रव्यवहार छापलेला आहे. मिळाला तर जरूर वाचा.

१८८९ मध्ये रमाबाई परतल्या आणि विधवांसाठी त्यांनी शारदा सदन काढले. मुंबईतून ते पुण्यात आले, त्याच १८९० च्या सुमारास, जेव्हा शहरात चहाचा खल चालू होता. पंचहौदची मंडळी १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. त्या एकीकरणाचा सोहळा २९ नोव्हेंबरला आपल्या विदर्भातच, नागपूरला झाला होता.