मूठभर तांदूळ आणि दंडाचा रुपया

पणजी शहरात ‘मुष्टिफंड’ या नावाची एक शिक्षणसंस्था आहे. तिची स्थापना १९०८ सालची. नवख्या माणसाला हे नाव ऐकून थोडे नवल वाटते; पण नावाचा अर्थ अगदी साधा आहे. घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करावा आणि त्या मुठींच्या आधारावर मुलांची शाळा चालवावी, अशी ती योजना. त्या काळी गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता. राजभाषा निराळी, दरबार निराळा. आपल्या मुलांना मराठी अक्षरओळख व्हावी असे ज्यांना वाटत होते, त्यांनी सरकारच्या तोंडाकडे न पाहता आपल्या घरातल्या तांदळाच्या डब्यात हात घातला.

श्रोतेहो, लहानशा प्राथमिक शाळेशी घराचा आणि गावाचा संबंध काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. शिक्षणाचा इतिहास लिहिताना गव्हर्नरांची नावे येतात, संस्थानिकांची येतात, खलिते आणि कायदे यांच्या तारखा येतात. ज्या माउलीने शिजवायच्या तांदळातून मूठ बाजूला काढली तिचे नाव कोणत्याही दप्तरात सापडत नाही. आणि ज्या बापाने मुलाला शाळेत न धाडल्याबद्दल दंड भरला, त्याचे म्हणणे काय होते हेही कोणी फारसे विचारलेले नाही. शाळेचा इतिहास खरे पाहता या दोघांचा आहे.

इंग्रजी अमलापूर्वीची आपली गावठी शाळा पुष्कळांनी वर्णन केली आहे. तिला इमारत नसे. देवळाचा सभामंडप, गावची चावडी, नाहीतर एखाद्या सावकाराच्या वाड्याची ओसरी हीच शाळा. धुळाक्षरे गिरवावीत, मोडीचा हात बसवावा, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांचा एकच घोष करावा, एवढा अभ्यासक्रम. पंतोजींना ठरलेला पगार असा नव्हता. कोणी पायलीभर जोंधळे द्यावेत, कोणी शिधा द्यावा, दसऱ्याच्या पाटीपूजनाला एखाद्याने पागोटे द्यावे, यावर त्यांचा प्रपंच चाले. अर्थात पंतोजी बापाला धरून असत. बाप रुसला तर धान्य बंद. सुगीच्या दिवसांत पोरगा आठ दिवस खळ्यावर राहिला तर त्याबद्दल पंतोजी चकार शब्द काढीत नसत, कारण त्याच खळ्यावरून त्यांचा वाटा यायचा होता. छडीचा प्रसाद मात्र सर्वांना सारखा मिळे, आणि त्याला घरची पूर्ण संमती असे.

ही शाळा गावाची होती असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खोटे नाही. तथापि गाव म्हणजे कोण, हा प्रश्न विचारला की या अभिमानाला थोडा चाप बसतो. त्या ओसरीवर मुली नव्हत्या. कुणब्याची मुले फार थोडी. महारामांगांच्या मुलांना त्या ओसरीची पायरीही चढता येत नव्हती. ज्यांनी धान्य दिले त्यांची शाळा, असा सरळ हिशेब होता. आणि ज्यांचे धान्य घेण्याचीही गावाची तयारी नव्हती त्यांच्या मुलांचा त्या हिशेबात प्रश्नच उद्भवत नव्हता.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही त्यांनी शाळा उघडल्या. त्यावेळी घराचा आणि समाजाचा ‘सहभाग’ कोणत्या प्रकारचा होता हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. रस्त्याने जाणाऱ्या शिक्षिकेच्या अंगावर शेण आणि चिखल पडला, आणि लोकांच्या धाकाने वडिलांनी मुलासुनेला घराबाहेर काढले. घर आणि शाळा यांचे सख्य असावे असे आज आपण सहज बोलून जातो. पण काही शाळा घराशी भांडण करूनच उभ्या राहिल्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

बेळगावच्या श्रोत्यांना जवळची वाटेल अशी दुसरी एक हकीकत धारवाडची आहे. १८५६ च्या जूनमध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. शाळा सरकारची, खर्च सरकारच्या तिजोरीतला. तरी मुंबई सरकारने त्याला प्रवेश नाकारला, कारण एका मुलासाठी इतर सर्वांना शाळा निरुपयोगी होईल अशी त्यांना भीती वाटली. हे प्रकरण वरपर्यंत गेले, आणि १८५८ साली लंडनहून निर्वाळा आला की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. कागदावरचा हा निर्वाळा गावात उतरायला किती वर्षे लागली ते सांगण्याची गरज नाही. मुलाने मात्र अर्ज करण्याचे धैर्य दाखवले होते, आणि असा अर्ज घरातल्या कोणाच्या तरी पाठिंब्यावाचून होत नसतो असे मला वाटते.

यानंतर शाळेचा खर्च हळूहळू सरकारी खात्याकडे गेला. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली, आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळवण्यात आला. म्हणजे शाळेला धान्य देण्याऐवजी शेतकरी आता आणा देऊ लागला. फरक इतकाच की धान्य देणारा पंतोजीला चार शब्द सुनावू शकत होता. आणा देणाऱ्याला तो आणा कोठे जातो हेही कळत नव्हते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करताना जोतीरावांनी नेमके याच जागी बोट ठेवले. महसूल भरणारा रयत, आणि शिकणारी मुले मात्र दुसऱ्यांची, ही तक्रार त्यांनी केली. निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, त्याला १२ रुपयांहून कमी पगार नसावा, आणि मुलांना बक्षिसे व शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. शिक्षक शेतकऱ्यांत मिसळणारा, त्यांच्या गरजा ओळखणारा हवा, ही त्यांची अपेक्षा होती. घराचे मन वळवायचे असेल तर घराची भाषा जाणणारा माणूस दारात उभा राहिला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव महाराज १८८१ साली गादीचा पूर्ण अधिकार हाती घेऊन बसले, आणि दहा-बारा वर्षांतच त्यांनी शिक्षणाच्या बाबतीत असे पाऊल टाकले की ज्याची हिंमत इंग्रज सरकारला झालेली नव्हती. प्रथम ज्या गावातून १६ मुले जमतील तेथे ग्रामशाळा काढावी असे ठरले. सोळा हा आकडा मला फार बोलका वाटतो. शाळा कोठे निघणार हे यामुळे गावाच्या हाती आले. पाटलाने, मास्तरांनी, दोनचार हौशी पालकांनी घरोघर हिंडून सोळा मुले उभी करायची, म्हणजे शाळा आली. पुढे १८९३ साली काठेवाडातल्या अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. प्रथम थोड्या गावांपुरता, मग तालुकाभर. आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात कायदा लागू झाला. मुलगे ७ ते १२ वर्षांचे आणि मुली ७ ते १० वर्षांच्या, त्यांना शाळेत धाडणे आईबापांवर बंधनकारक ठरले. न धाडतील त्यांना दंड.

या दंडाविषयी दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. सात वर्षांचे पोर म्हणजे खेड्यातल्या घरात एक कमावता हात असतो. ते गुरे वळते, पाखरे राखते, शेण गोळा करते. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेते तेव्हाच तिची आई कामाला बाहेर पडू शकते. त्या मुलीला शाळेत बसवा असे सांगणे म्हणजे त्या आईला घरी बसा असे सांगणे होय. कायद्यात सवलती ठेवल्या होत्या. शाळा फार लांब असेल, मूल दुबळे असेल, तर सूट मिळे. परंतु दारिद्र्य हे काही दुबळेपणाच्या सदरात बसत नव्हते. तेव्हा दंड झाला तो बहुधा ज्याला देणे जड होते त्यालाच झाला असणार. पुढे १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा तेथेही मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. रोजमुरा आण्यांत मोजणाऱ्या माणसाला रुपया म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आणि तरीही, श्रोतेहो, या दंडाची दुसरी बाजू मला महत्त्वाची वाटते. मूठभर तांदूळ ज्याच्या त्याच्या खुशीचा असतो. तो कोणाच्या दारात मागायचा आणि कोणाच्या दारात मागायचा नाही, हे मागणारा ठरवतो. कायदा प्रत्येक दारात गेला. तुझ्या घरात सात वर्षांचे मूल आहे काय, हा प्रश्न सरकारने जात न पाहता, मुलगा की मुलगी हे न पाहता, प्रथमच विचारला. बडोद्यात अंत्यजांसाठी निराळ्या शाळा याआधीच निघाल्या होत्या. त्या निराळ्या होत्या हे दूषण आहेच, पण तेथली मुले हजेरीपटावर आली. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी सुमारे ८० टक्के तेथे शिकत होते, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम पाचवा हिस्सा. बिल १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोध करणाऱ्यांत आपलेही लोक होते.

दंडाने मूल शाळेत येते. ते रमते मात्र दंडाने नव्हे. हे बडोद्याच्या राज्यकर्त्यांनाही उमगले असावे. कारण १९१० नंतर तेथे वाचनालयांची जी चळवळ उभी राहिली तिची रचना अगदी वेगळी आहे. अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ आणण्यात आले, पण गावोगाव जमीन तयार केली होती ती मोतीभाई अमीन या शाळामास्तरांनी. गावाने वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम स्थानिक पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी, अशी तिहेरी वाटणी ठरली. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांतून फिरू लागल्या. शाळा सोडून दोन वर्षांत अक्षर विसरणाऱ्या मुलाला, आणि शाळेत कधीच न गेलेल्या त्याच्या बापाला ऐकायला, गावात काहीतरी वाचनीय राहिले. येथे सरकारने दंड मागितला नाही, हिस्सा मागितला.

हिस्सा मागण्याची हीच रीत सातारा भागात भाऊराव पाटलांनी पत्करली. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ साली काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. ती सांगताना आपण त्यागाविषयी बोलतो. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. त्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत होती. म्हणजे गावाच्या जुन्या मुठीतून जी मुले निसटली होती, त्यांनाच येथे प्रथम ताट वाढले गेले.

गोव्यात १९६१ नंतर चित्र पालटले. दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि देवळाच्या चौकात किंवा कोणाच्या पडवीत भरणारी शाळा मागे पडली. ते योग्यच झाले. मुठीवर शाळा चालावी लागणे हे काही भूषण नव्हे.

आता कायद्यातून दंड गेला आहे. २००९ साली संसदेने केलेला शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. मूल शाळेत धाडणे हे पालकांचे कर्तव्य आहे असे तो म्हणतो, पण न धाडणाऱ्याला शिक्षा सांगत नाही. उलट सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या, आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांच्या, असे त्याने ठरवले आहे. पंतोजीला धान्य देणाऱ्या बापाला जो अधिकार होता तो लेखी स्वरूपात, आणि या वेळी आईलाही, परत मिळाला आहे.

सीमाभागातल्या लहान मराठी शाळांत हा अधिकार किती वापरला जातो? वीस-पंचवीस मुलांच्या शाळेत समितीची बैठक बोलवायची म्हणजे एक पेचच असतो. बैठक सकाळी ११ वाजता ठेवली तर निंदणीला गेलेली आई येऊ शकत नाही, कारण तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. संध्याकाळी दिवेलागणीला ठेवली तर ती येते, पण तालुक्याहून येणाऱ्या मास्तरांची शेवटची बस निघून जाते. तेव्हा बैठक ११ वाजता होते, आणि तिच्या सहीसाठी शाळेची वही सातवीतल्या मुलीच्या हाती शेतावर जाते.