बाळगलेल्या कासवांचे आजार : लक्षणे, प्रतिबंध आणि त्यामागील इतिहास
(विशेष संदर्भ : इस्लापूर परिसर व मराठवाडा)

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याच्या वनपट्ट्यात इस्लापूर हे गाव वसले आहे. पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा येथून जवळच आहे. पैनगंगा पुढे वर्धेस मिळते आणि वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. म्हणजे इस्लापूरचा परिसर गोदावरी खोऱ्याचाच भाग होय. या खोऱ्यातील नद्या, तळी व विहिरी यांत कासव हा परिचित प्राणी आहे. देवळाच्या सभामंडपात फरसबंदीवर कोरलेल्या दगडी कासवाला नमस्कार करून गाभाऱ्याकडे जाण्याची रीतही मराठवाड्यात ठिकठिकाणी पाहावयास मिळते. इतक्या जवळच्या प्राण्याच्या आजारपणाविषयी मात्र मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. विहिरीत सोडलेले, हौदात ठेवलेले किंवा अलीकडे काचेच्या पेटीत बाळगलेले कासव एके दिवशी मेलेले आढळते आणि ‘कालपर्यंत तर चांगले होते’ असे म्हटले जाते. वस्तुतः ते काल चांगले नसते. बहुधा कित्येक महिने चांगले नसते. ही लक्षणे ओळखण्याची दृष्टी इतक्या उशिरा का आली आणि ती लक्षणे कोणती, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

‘पाळीव कासव’ हा शब्दप्रयोग येथे हेतुतः टाळला आहे. गाय, कुत्रा, कोंबडी हे प्राणी हजारो वर्षांच्या सहवासातून माणसाळले; कासव माणसाळलेले नाही, ते केवळ बाळगले जाते. हा भेद शब्दापुरता नाही. बैल आजारी पडला की शेतकऱ्याला त्याच्या डोळ्यांवरून कळते. कासव मात्र आपली अशक्तता दडवते आणि ती उघड होते तेव्हा उपचाराची वेळ बरीचशी निघून गेलेली असते.

शुभलक्षणांची परंपरा

कासव जवळ ठेवण्याची चाल नवी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कूर्मलक्षणांना एक स्वतंत्र, छोटा अध्याय दिलेला आहे. स्फटिक वा रुप्यासारखा वर्ण, घटासारखी आकृती, सुरेख पाठ अशी शुभ कासवाची वर्णने त्यात येतात आणि राजाने असे कासव क्रीडावापीत किंवा पाण्याच्या पात्रात मंगलार्थ ठेवावे, असे सांगितले आहे. ग्रंथकाराने कासव बारकाईने पाहिले होते यात शंका नाही. पण त्याने ते पाहिले मालकाच्या भाग्यासाठी. कासवाला स्वतःला काय हवे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. हत्तींसाठी पालकाप्याच्या नावावरील हस्त्यायुर्वेद आणि घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा प्रसिद्ध आहे. सैन्यात उपयोग नसलेल्या कासवाला असे शास्त्र लाभले नाही. आयुर्वेदीय ग्रंथांत कच्छपाचा उल्लेख आहे, पण तो त्याच्या मांसाच्या गुणधर्मांसाठी.

याच परंपरेतील एक दृष्टान्त मात्र रोगनिदानाच्या दृष्टीने विलक्षण उपयोगी आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाची उपमा दिली आहे. पशुवैद्यकाची पहिली परीक्षा नेमकी हीच असते. निरोगी कासवाच्या पायाला स्पर्श केला की ते झटकन पाय आत घेते व ओढल्यास जोराने प्रतिकार करते. पाय बाहेर लोंबत असतील, मान सैल पडत असेल, तर ते कासव शांत नसून आजारी असते.

शुभलक्षणांच्या परंपरेची विकृत शाखा म्हणजे ‘वीस नखी कासव’. असे कासव असल्यास गुप्तधन सापडते वा पैशाचा पाऊस पडतो, अशा भ्रमातून महाराष्ट्रात कासवांचे व्यवहार झाले आहेत आणि त्यांवर पोलिसांनी व वनविभागाने कारवायाही केल्या आहेत. प्राणिशास्त्र याबाबत स्पष्ट आहे. चांदणी कासवाच्या (स्टार कासवाच्या) पुढच्या पायांना प्रत्येकी पाच व मागच्या पायांना प्रत्येकी चार, अशी सामान्यतः अठरा नखे असतात. भारतीय काळ्या कासवाचेही तसेच. मऊ पाठीच्या कासवांना तर प्रत्येक पायाला तीनच नखे असतात. त्यांच्या कुळाचे ‘ट्रायोनिकिडी’ हे शास्त्रीय नावच ‘त्रिनखी’ या अर्थाचे आहे. वीस नखे हा फार तर जन्मजात दोष ठरेल. या व्यवहारातील कासवे गोणपाटात वा बादलीत दडवून ठेवली जातात, अनेकदा अन्नपाण्याविना. त्यांचे निर्जलीकरण होते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि मूत्राशयात खडे धरू शकतात.

आधुनिक शास्त्राचा उशीर

एकोणिसाव्या शतकात युरोपीय अभ्यासकांनी दख्खनच्या कासवांची नोंद केली. मुंबईतील वैद्यकीय अधिकारी अँड्र्यू लीथ याच्या नावावरून जॉन एडवर्ड ग्रे याने १८७२ मध्ये मऊ पाठीच्या एका कासवाचे नामकरण केले. त्याचा मूळ नमुना पुण्याचा होता आणि ही जाती गोदावरी खोऱ्यातही आढळते. कासवाला वैद्याचे नाव मिळाले, वैद्यक मात्र मिळाले नाही. माल्कम स्मिथच्या १९३१ मधील ग्रंथातही भर आहे तो कवचाच्या पट्टिका, नखे व प्रदेश यांवर. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले, मराठवाड्यातील परभणीचे १९७२ मध्ये. दोन्हींचा भर स्वाभाविकपणे घोडे, गुरे व शेळ्यामेंढ्यांवर राहिला.

कासवांच्या आजारांकडे जगाचे लक्ष गेले तेही आधी माणसाच्या काळजीपोटी. लहान मुले कासवाची पिले हाताळून तोंडात घालीत आणि त्यांना साल्मोनेला जंतूंचा अतिसार होई. म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासव स्वतः निरोगी दिसत असतानाही हे जंतू विष्ठेतून बाहेर टाकू शकते. त्यामुळे हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याचे भांडे स्वयंपाकघरात न घासणे हे नियम आजही तसेच लागू आहेत. पुढे १९८१ मध्ये फ्रेडरिक फ्राय यांचा बंदिस्त सरीसृपांच्या वैद्यकावरील ग्रंथ आला आणि कासव हा स्वतंत्र रुग्ण म्हणून मानला जाऊ लागला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले की गुरे व कुत्री यांच्या जंतांसाठी व गोचिडांसाठी सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला विषारी ठरते. त्याने पक्षाघात व मृत्यू ओढवू शकतो. मराठवाड्यातील गावोगावच्या पशुऔषधांत हे औषध असतेच. म्हणून ही एक माहिती प्रत्येक पशुधन पर्यवेक्षकापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

लक्षणे व त्यांची मुळे

बाळगलेल्या कासवांच्या बहुतेक आजारांचे मूळ जंतूंत नसून ठेवण्याच्या पद्धतीत असते. जंतू मागाहून येतात. सर्वांत अधिक आढळणारा विकार म्हणजे कवच मऊ पडणे. कासवाचे कवच हे हाडच आहे आणि त्याला कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व त्वचेत तयार होते ते सूर्याच्या अतिनील किरणांनी, आणि खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. घरात ठेवून भात, पोळी, काकडी व टोमॅटो यांवर वाढवलेल्या पिलाचे कवच अंगठ्याने दाबले तर दबते, जबडा वाकतो, पुढे पाय वेडेवाकडे होतात. सकाळचे थेट ऊन (लगत सावली ठेवून), गवत, शेवग्याचा व जास्वंदीचा पाला आणि थोडा समुद्रफेस हा त्यावरचा प्रतिबंध होय. पालकाची भाजी पौष्टिक समजून रोज दिली जाते. तिच्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, हे ध्यानात घेतले जात नाही.

कवचाच्या पट्टिका पिरॅमिडसारख्या उंच होणे हा दुसरा विकार. अतिरिक्त प्रथिने हेच त्याचे कारण, असे दीर्घकाळ मानले जाई. व्हिएन्ना येथील वीस्नर व इबेन यांनी २००३ मध्ये आफ्रिकन कासवांवरील प्रयोगात दाखवले की कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी अधिक असतो. चांदणी कासवाचे कवच रानातही काहीसे उंचवट्यांचे असते, त्यामुळे या विकाराची सुरुवात नजरेतून सहज निसटते.

श्वसनरोग सर्वांत घातक. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नाही. त्याला नीट खोकता येत नाही आणि फुप्फुसात साचलेला स्राव बाहेर पडत नाही. नाकाशी बुडबुडे येणे, तोंड उघडून व मान ताणून श्वास घेणे, जलकासवाने एका अंगाला कलून पोहणे ही त्याची चिन्हे. नांदेडकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान बरेच खाली उतरते. कासव हे परिसरातील उष्णतेवर जगणारे प्राणी असल्याने अशा वेळी गार फरशीवर ठेवलेल्या कासवाचे पचन व रोगप्रतिकार दोन्ही मंदावतात. ते खाणे सोडते, आणि घरचे लोक समजतात की ते हिवाळी झोप घेत आहे. चांदणी कासव खरी शीतनिद्रा घेत नाही. थंडीत न खाणारे चांदणी कासव झोपलेले नसून बहुधा आजारी असते.

जलकासवांच्या पिलांचे डोळे सुजून मिटतात ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने. डोळे मिटले की अन्न दिसत नाही आणि उपासमार सुरू होते. केवळ सुकी कोळंबी घालणे हे त्याचे नेहमीचे कारण. अस्वच्छ पाण्यात, चढून कोरडे होण्यास जागा नसलेल्या टाकीत कवच कुजते. मऊ डाग व दुर्गंधी ही त्याची खूण. कवचाची जखम वरवरची समजू नये. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील ‘अद्वैत’ हे प्रचंड अल्डाब्रा कासव मार्च २००६ मध्ये दगावले. त्याच्या कवचाला तडा जाऊन आत जखम झाली होती.

कायदा, उपचार आणि सुटका

उपचाराच्या मार्गातील मोठा अडसर वैद्यकीय नसून भीतीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये चांदणी कासव बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ही जाती पहिल्या अनुसूचीत गेली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बाबतीत तिला २०१९ मध्येच सर्वोच्च संरक्षण मिळाले होते. कायदा योग्यच आहे. परंतु त्याच्या धाकाने आजारी कासव पशुवैद्यकाकडे नेले जात नाही, ते रात्री तळ्यात सोडून दिले जाते. चांदणी कासव हे जमिनीवरचे. पाण्यात ते बुडून मरते. ते वनविभागाच्या स्वाधीन करणे हाच मार्ग आहे.

रानात सोडणेही निर्धोक नाही. चांदणी कासवाचे मुख्य पट्टे गुजरात-राजस्थानकडे, दक्षिण-पूर्व भारतात व श्रीलंकेत आहेत. मराठवाडा त्यांबाहेर पडतो. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातील कासवांत श्वसनरोग फैलावला, तेव्हा १९९४ मध्ये त्यामागे मायकोप्लाझ्मा हा जंतू असल्याचे सिद्ध झाले आणि घरी बाळगून नंतर सोडलेल्या कासवांनी तो रानात नेला असावा, असा संशय व्यक्त झाला. शहरांतील मत्स्यदुकानांतून येणारे लाल कानाचे अमेरिकन कासव मोठे झाले की तळ्यात वा देवाच्या कुंडात सोडले जाते. ते तगते, स्थानिक कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते आणि आपले रोगही सोबत आणते. पैनगंगेच्या डोहांतील कासवांनी या रोगांचा कधी सामना केलेला नाही.

म्हणून सुटका केलेल्या कासवाला प्रथम काही महिने इतरांपासून वेगळे ठेवले जाते. पहिल्या दिवसांत त्याला अन्न घालण्याची घाई नसते. कोमट, उथळ पाण्यात रोज थोडा वेळ बसवून त्याचे निर्जलीकरण दूर केले जाते, विष्ठा तपासली जाते आणि दर आठवड्याला वजन नोंदवले जाते. त्या नोंदवहीत वजनाचा आकडा दोन आठवडे सलग उतरला, की नाक, डोळे व कवच कितीही स्वच्छ दिसत असले तरी त्या कासवाची पुन्हा संपूर्ण तपासणी केली जाते.