नमुन्याचा अंक मोफत

वाचकहो, दिवाळी अंक हाती पडला की कोणी आधी व्यंगचित्रे पाहतो, कोणी राशिभविष्य उघडतो. मला जाहिराती आधी वाचायची खोड आहे. ती लागली आजोबांच्या पेटीमुळे. उजनीचे पाणी चढू लागले तेव्हा जुने पळसदेव सोडून आमची मंडळी वर आली. पळसनाथाचे देऊळ तेवढे मागे पाण्यात राहिले. त्या धांदलीत आजोबांनी जी चीजवस्तू वाचवली, तीत जुन्या मासिकांची एक पत्र्याची पेटी होती. गोष्टींची पाने वाळवीने खाल्ली होती, जाहिरातींची मात्र शाबूत होती. वाळवीलाही चव असते म्हणायची!

त्या जाहिरातींत एक मजकूर पुन्हा पुन्हा येई. नाव आणि पूर्ण पत्ता कळवा, नमुन्याचा अंक मोफत पाठवू. या मजकुरामागचा इतिहास मला परवा पुन्हा आठवला, तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याची मासेमारीची होडी आहे. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला फ्लेमिंगो उतरतात, तेव्हा तो पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पाण्यावरून हिंडवून आणतो. त्याने इंटरनेटवर एक पान केले आहे. तिथे आपला ई-मेल पत्ता द्यायचा आणि पक्षी आले की हा कळवणार. लोकांनी त्या पानावर यावे म्हणून तो मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिरातींना रोज दोनशे रुपये मोजत होता. पत्ते येत होते. आता दोनशेचे दोन हजार करायचे त्याच्या मनात होते, आणि त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण टाकायच्या होत्या. माझ्याकडे आला होता तो जाहिरातीचा मजकूर सुधारून घ्यायला.

"मजकूर राहू दे," मी म्हणालो, "आधी बैस." इतिहासाचा मास्तर एकदा बैस म्हणाला की पोराची तासाभराने सुटका होते, हे त्याला शाळेपासून ठाऊक आहे.

१८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून निघालेली आगगाडी आमच्या शेजारच्या डिकसळपर्यंत आली. १८७७ साली टपालखात्याने व्ही. पी.ची सोय केली, म्हणजे माल घरी आल्यावर पैसे पोस्टमनच्या हाती द्यायचे. १८७९ साली पोस्टकार्ड निघाले, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. या तीन गोष्टी जमल्या तेव्हा शहरातल्या छापखान्याला खेड्यातला वाचक एका पैशाच्या अंतरावर आला. औषधवाल्यांनी ते आधी हेरले. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांच्या जाहिरातींत पुस्तक मोफत पाठवण्याचे आमंत्रण असे. पुस्तक फुकट, पण ते मागवायला कार्ड लिहायला हवे. आणि कार्ड लिहिले की तुमचा पत्ता त्यांच्या वहीत चढला. माझ्या विद्यार्थ्याचे ते पान म्हणजे हीच वही आहे, एवढेच की तिला शाई लागत नाही.

तो एक पैसा मात्र मोठा गुणी होता. ज्याला खरोखर गरज आहे तोच कार्ड विकत घेई, दौत शोधी, पत्ता लिही. आता बोट टेकवले की पत्ता जातो. त्यामुळे वहीत नावे भराभर चढतात, आणि त्यांतली अर्धी कोणत्या कामाची हे वहीवाल्यालाच उमगत नाही.

खरी परीक्षा पुढे असे, व्ही. पी. सुटण्याची. नमुन्याचा अंक आवडला म्हणून एखाद्याने वर्गणीदार व्हायचे कबूल करावे, संपादकाने उत्साहाने व्ही. पी. धाडावी, आणि ती परत यावी! घरधनी गावाला गेलेला असतो, किंवा ऐन वेळी हातात पैसा नसतो. १८८५ नंतर नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आमच्या भागाकडे आले, ऊस वाढला, पण पैसा गूळ विकल्यावरच दिसायचा. आषाढात आलेली व्ही. पी. आणि गुऱ्हाळ उठल्यावर आलेली व्ही. पी. यांत जमीनअस्मानाचे अंतर. परत आलेल्या व्ही. पी.चा टपालखर्च मासिकाच्या बोकांडी बसे. ज्याने आलेली कार्डे मोजली आणि सुटलेल्या व्ही. पी. मोजल्या नाहीत, त्याचे मासिक वर्गणीदारांच्या गर्दीतच बुडे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मासिक मनोरंजन' १८९५ साली निघाले. दिवाळी अंकाचा मोठा खर्च त्यांनी केला तो १९०९ साली. तुमच्या हातातल्या या अंकाचे मूळ तिथले. मधल्या चौदा वर्षांकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझे तिथेच अडते. चौदा वर्षे दरमहा अंक घेणारा वाचक वर्षातून एकदा जाड, सचित्र, महाग अंकही घेईल, हा अंदाज बांधायला चौदा वर्षांच्या वह्या हाताशी होत्या. पहिल्याच वर्षी तसे केले असते तर तो जुगार ठरला असता. मित्रांच्या मनात नेमके हेच गणित होते असे माझे म्हणणे नाही. पण सालांचा क्रम बोलका आहे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा मामला उलटा. मराठीत ज्ञानकोश करायचा, आणि तो छापण्याआधी त्याचे भाग आणि वर्गणी लोकांना विकायची! त्यांनी लिमिटेड कंपनी काढली, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले, आणि १९२० पासून दशकभरात तेवीस खंड पुरे केले. त्या खटाटोपाची हकीकत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. अशा कामात नवा वर्गणीदार म्हणजे नुसती जमेची बाजू नव्हे. त्याला पुढची कित्येक वर्षे खंड पोचवायचे असतात, म्हणजे तो आपल्या अंगावरचे देणेही असतो. माझ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट फार बोचली, कारण त्याची होडी एकच आहे.

याच काळात किर्लोस्करवाडीत दुसरा प्रयोग चालला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. जिथे मनात विषाची शंका आहे तिथे दुप्पट जाहिरात केली तर शंकाच दुप्पट गावांत पोचते. १९२० साली, नांगर शेतात रुळल्यावर, शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले, ते कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. त्याला वाचक जमला, टिकला. १९२९ साली त्याचे 'किर्लोस्कर' झाले, १९३० साली 'स्त्री' निघाले, १९३४ साली 'मनोहर'. एक पायरी पक्की झाल्यावर दुसरी.

तिकडे अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाच्या जाहिरातकाराने १९२३ साली 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' हे पुस्तक लिहिले. जाहिरातीत कापून पाठवायचे कुपन, आणि प्रत्येक वर्तमानपत्रातल्या कुपनावर निराळी खूण. कोणत्या पत्राने किती गिऱ्हाइके आणली आणि एकेक कितीला पडले, हे त्या खुणेवरून कळे. आधी चारदोन शहरांत करून पाहायचे; तिथे खर्च निघाला तरच देशभर जायचे. नमुना वाटेल त्याच्या दारात टाकू नये, जो मागण्याचे कष्ट घेईल त्यालाच द्यावा, असेही त्याचे मत होते. आपल्या पैशाच्या कार्डाचीच ही गोष्ट.

एवढे झाल्यावर मी वहीचे पान फाडून पोरापुढे ठेवले. समजा, दोनशे रुपयांत वीस पत्ते येतात, म्हणजे पत्ता दहा रुपयांना पडला. आता शंभर पत्त्यांतले किती जण होडीत बसले? दोघे बसले, तर एकेक पाहुणा पाचशेला पडला. डिझेल आणि तुझी मजुरी जाऊन एका पाहुण्यामागे पाचशे उरतात का? "नाही उरत," तो म्हणाला. दहा बसले तर शंभराला पडला. मग उरतात? त्याचा चेहरा उजळला. पण दोघे की दहा, हे त्याला सांगता येईना. गेल्या हिवाळ्यात होडीत बसलेल्यांपैकी पत्ता दिलेले कोण आणि रस्त्यावरची पाटी पाहून आलेले कोण, हे त्याने विचारलेच नव्हते. शिवाय दोन हजार खर्चले तर दोनशे पत्ते येतीलच असेही नाही. ज्यांना पक्ष्यांचे वेड ते पहिल्या झटक्यात येतात. पुढे जाहिरात कोमट माणसांकडे जाते आणि पत्ता महाग होत जातो. म्हणून वाढवायचे तर दोनशेचे तीनशे, आणि आठदहा दिवस थांबून पुन्हा मोजणे.

"पण सर, तोवर दुसरा कोणी पुढे गेला तर?"

प्रश्न रास्त होता. हंगाम चार महिन्यांचा. मित्रांसारखी चौदा वर्षे थांबायला होडीवाल्याला सवड नाही. मी म्हणालो, "पहिला महिना मोज. होडीत बसताना प्रत्येकाला विचार, आणि दोन जाहिरातींना दोन खुणा ठेव. पाहुण्यामागे पैसे उरतात असे दिसले, आणि रविवारी होडीत जागा शिल्लक असली, तर दुसऱ्या महिन्यात वाढव. होडी भरलेलीच असेल तर जाहिरात वाढवून लोकांना काठावर उभे करू नकोस. आधी शेजाऱ्याची होडी भाड्याने ठरव."

त्याने कागद खिशात घातला. पाटल्या सध्या आईच्या हातात आहेत. जाताना त्याने पेटीतले एक मासिक मागून नेले. त्यातल्या नमुन्याच्या अंकाच्या जाहिरातीचा फोटो त्याला आपल्या पानावर लावायचा आहे.