बंद घरातला वारा

खानदेशाचा इतिहास म्हटला की फारुकी सुलतान, असीरगड आणि कापसाच्या पेठा डोळ्यांपुढे येतात. परंतु वाऱ्यालाही इतिहास असतो. वैशाखात ज्या मुलखात पारा पंचेचाळिशीकडे धावतो, त्या जळगाव-धुळ्याच्या प्रदेशात कोवळे रोप घराच्या आत वाढविण्याची विद्या कशी रुजली, हे पाहणे म्हणूनच आम्हांस अगत्याचे वाटते. आमचे म्हणणे एवढेच, की ही विद्या हवा कोंडण्याची नसून तिला वाट देण्याची आहे.

आरंभ मात्र कोंडण्यापासूनच झाला. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बागेतील नेचे कोळशाच्या धुराने मरत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह एका बंद बाटलीत ठेवला, आणि त्या मातीतून नेचा व गवत उगवले. त्यावरून काचेच्या बंद पेट्या निघाल्या. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८५१ मध्ये चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, ती अशाच पेट्यांतून. धूर आणि खारा वारा बाहेर राहिला, म्हणून रोप जगले.

पुढे या कोंडण्याची दुसरी बाजू दिसली. सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह प्रयोगशाळेत वाटाणे वाढवीत होते. ते सरळ न वाढता आखूड, जाड आणि आडवे होत. बाहेरच्या हवेत मात्र नीट वाढत. दिव्याच्या वायूतील इथिलीन हे त्याचे कारण, असे त्यांनी १९०१ मध्ये दाखविले. घरात दिसत नाही, पण रोपाला छळते, असे काही हवेत असू शकते, हा त्यातला धडा.

आमच्याकडे या धड्याची कसोटी केळीने घेतली. जळगावच्या जैन इरिगेशनने १९९० च्या दशकात ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे तयार करण्यास आरंभ केला. असे रोप बाटलीतल्या दमट हवेत वाढते. त्याच्या पानावर मेणाचा थर पुरता चढलेला नसतो आणि पर्णरंध्रे वेळेवर मिटत नाहीत. ते थेट खानदेशी उन्हात नेले, तर काही तासांत सुकून जाईल. म्हणून आधी हरितगृह, मग शेडनेट आणि शेवटी शेत, अशा पायऱ्यांनी त्याला कणखर करावे लागते.

या हरितगृहाची रचना ऐकण्यासारखी आहे. एका भिंतीत हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे, तर समोरच्या भिंतीत पाण्याने भिजत राहणारे जाड पॅड. पंखे हवा ओढतात, म्हणून बाहेरची हवा ओल्या पॅडमधून आत येते आणि थंड होते. वाळ्याच्या पडद्याचेच हे तत्त्व. बाहेर कोरडी बेचाळीस अंशांची हवा असली, तरी पॅडमधून ती तिशीच्या आसपास उतरते. कडक उन्हाळ्यात घरातली सगळी हवा साधारण मिनिटाला एकदा बदलावी लागते. मात्र कोठे फट राहिली, तर हवा पॅड सोडून त्या फटीतूनच येते. आणि आषाढात हवाच दमट असल्यामुळे पॅडचा उपयोग फारसा उरत नाही. तेव्हा ओल्या पानांवर बुरशी धरू नये, एवढ्यासाठी वारा खेळता ठेवावा लागतो.

पंख्यांचे मोठे दुखणे वीज. ती गेली की घर काही मिनिटांत तापते. म्हणून पुष्कळ शेतकरी पंख्याविना चालणारे घर पसंत करतात. त्यात बाजूचे पडदे उघडे ठेवून तापलेली हवा छपरावरच्या लांब फटीतून वर जाऊ देतात. ही फट वाऱ्याकडे पाठ करून ठेवतात, म्हणजे वाराच आतली हवा ओढून नेतो. किडीसाठी बारीक जाळी लावली, तर ती वाराही अडविते. म्हणून उघडी जागा मोठी ठेवावी लागते. आमच्या धाब्याच्या घरांतही चुलीचा धूर छताच्या भोकातून निघे, आणि दार उघडे असले की नीट निघे. आत येण्यास वाट नसेल, तर बाहेर जाण्याची वाट निरुपयोगी ठरते.

कोंदट हवेत वाढलेले रोप हिरवेगार दिसते, पण शेतात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मान टाकते. शेतकऱ्याचे पैसे गेलेले असतात, आणि लागवडीची वेळही. म्हणून केळीची रोपे घ्यावयास जाल, तेव्हा पानाच्या रंगाआधी त्या घरातला वारा पाहावा. तो कोठून येतो आणि कोठे जातो, हे बेधडक विचारावे.