एकशेवीस कोंबड्यांचा कायदा

अमेरिकेतल्या दिवाळखोरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘टेक्सस-फ्लोरिडात दिवाळं काढा आणि खुशाल बंगल्यात राहा, धनको बसतात हात चोळत.’ ऋणकोला घर, गाडी, अवजारं राखू देणारे तिथले राज्यांचे कायदे म्हणजे बुडव्यांना अभयदान, असा या म्हणण्याचा मथितार्थ. त्यात रुपयाला चार आणे तथ्य आहे. उरलेले बारा आणे मात्र खोटे.

१८३९ साली टेक्सस हे अमेरिकेचं राज्य नव्हतं, स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात बुडालेली माणसं ‘गेलो टेक्ससला’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची तीन आद्याक्षरं दारावर लिहून परागंदा होत. त्या प्रजासत्ताकाने जप्तीतून वगळायच्या वस्तूंची यादीच केली : ५० एकर जमीन किंवा गावातली एक जागा, धंद्याची हत्यारं आणि पुस्तकं, पाच दुभत्या गाई, बैलजोडी किंवा एक घोडा, वीस डुकरं आणि वर्षभराची बेगमी. यादी नीट वाचा. हिच्यात सोनंनाणं नाही. उद्याची चूल पेटवणारी सामग्री आहे. बैल विकून सावकाराच्या हाती एकदा काहीतरी पडेल. पण बैल गेलेला शेतकरी त्याचंच काय, कोणाचंच देणं फेडू शकणार नाही.

आता बंगल्याकडे येऊ. पूर्वपक्षाची मोठी गफलत इथेच आहे. घर ज्या बँकेकडे गहाण आहे, तिच्यापुढे ही सूट चालत नाही. घराची किंमत चार लाख डॉलर आणि त्यावर गृहकर्ज साडेतीन लाख असेल, तर सूट उरते ती पन्नास हजारांच्या हिश्शाला. हप्ते थकले तर टेक्ससमध्येही घराचा लिलाव होतो. मालमत्ता कर थकला तरी होतो. सूट अडवते ती क्रेडिट कार्डवाल्याला, इस्पितळाच्या बिलाला, म्हणजे घर तारण न घेता उधारी देणाऱ्याला. कार्ड कंपनीला हा कायदा पैसे देण्याआधीच पाठ असतो आणि त्या जोखमीचं व्याज ती पहिल्या दिवसापासून लावते. तिला फसवलं कोणी?

चार आणे तथ्य आहे ते फ्लोरिडात. तिथे शहरात अर्धा एकर आणि शहराबाहेर १६० एकरांपर्यंतचं राहतं घर सुटतं, किमतीला मर्यादा नाही. अर्ध्या एकरावर महालही उभा राहतो. दिवाळ्याआधी तिकडे बिऱ्हाड हलवण्याच्या या युक्तीला २००५ च्या संघीय दुरुस्तीने बराच चाप लावला. राज्यात येऊन दोन वर्षं झाली नसतील तर तिथली सूट मागता येत नाही, आणि अर्जाआधीच्या १,२१५ दिवसांत घेतलेल्या घराला डॉलरची मर्यादा लागते. जुना धनाढ्य रहिवासी तरीही सुटतो, आणि ते मला गैर वाटतं. पण तेवढ्यावरून किमतीला मर्यादा घाला असं म्हणता येईल. सूटच काढून टाका, हे त्यातून निघत नाही.

‘हे अमेरिकी लाड’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० उघडावं. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, गुरं, बियाणं, शेतकरी-मजुराचं राहतं घर आणि धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, यांना जप्तीवाला हात लावू शकत नाही. मंगळसूत्र सुटतं ते याच कलमाने. त्याच्याही आधी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला : कर्जापायी तुरुंग बंद, आणि खास गहाण न टाकलेली जमीन जप्तीबाहेर. हे लाड नव्हते. सगळंच ओरबाडू दिल्यावर काय होतं, ते गोऱ्या साहेबाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

टेक्ससची जुनी यादी अजून पुरती पुसलेली नाही. आज तिथे कुटुंबाच्या जंगम वस्तूंना एक लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेत दोन घोडे किंवा खेचरं खोगिरासकट, बारा गुरं आणि १२० कोंबड्या ठेवता येतात.